पदवी, रोजगारक्षमता आणि अध्यापकाची रसद

(काला अंब, पानिपत येथे महाविद्यालयीन अध्यापक आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काला अंब हे नाव मराठी मनाला १४ जानेवारी १७६१ या दिवसाची आठवण करून देते. दरवर्षी त्या तारखेला महाराष्ट्रातून आणि हरियाणातील रोड मराठा समाजातून हजारो लोक या स्मारकापाशी जमतात. त्या युद्धाच्या कारणांची चर्चा अडीच शतकांहून अधिक काळ चालू आहे. तिच्यातील एका मुद्द्यावर मात्र फारसे दुमत नाही. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौजेचा दिल्लीशी असलेला संबंध तोडला. त्यानंतर सुमारे अडीच महिने ही फौज पानिपतात कोंडली गेली. रसद पोहोचविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. अखेर उपाशी माणसे आणि उपाशी जनावरे घेऊन फौजेला रणात उतरावे लागले. शौर्याची उणीव नव्हती, रसद तुटली होती.

आजचा विषय युद्धाचा नाही, पदवी शिक्षणाचा आहे. तरीही हा संदर्भ अप्रस्तुत नाही. पदवीधर रोजगारक्षम व्हावा ही अपेक्षा गेल्या काही वर्षांत धोरणांतून, परिपत्रकांतून आणि अभ्यासक्रमांच्या आराखड्यांतून वारंवार व्यक्त झाली आहे. ती प्रत्यक्षात आणण्याचे काम वर्गात उभ्या असलेल्या अध्यापकाचे आहे. त्याच्यापर्यंत या कामाची रसद, म्हणजे वेळ, साहित्य, अनुभव आणि मान्यता, पोहोचते काय, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील उच्च शिक्षणात सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थी होते आणि अध्यापकांची संख्या सुमारे १५.९८ लाख होती. पदवी पातळीवरील विद्यार्थ्यांपैकी ३४.२ टक्के कला शाखेत, १४.८ टक्के विज्ञान शाखेत आणि १३.३ टक्के वाणिज्य शाखेत शिकत होते. अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाचा वाटा ११.८ टक्के होता. रोजगारक्षमतेची चर्चा बहुधा अभियांत्रिकी महाविद्यालयांभोवती फिरते. प्रत्यक्षात देशातील पदवीधरांचा मोठा भाग बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी. या तीन पदव्यांतून बाहेर पडतो. त्यांचे महाविद्यालय बहुधा संलग्न असते, तालुक्याच्या गावी असते आणि तेथे नोकरभरतीसाठी कंपन्या येत नाहीत.

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या २०२२-२३ च्या अहवालानुसार १५ वर्षांवरील लोकसंख्येत बेरोजगारीचा एकूण दर ३.२ टक्के होता. पदवीधरांमध्ये तो १३.४ टक्के होता. शिक्षण वाढले की बेरोजगारी वाढते, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. अल्पशिक्षित गरीब माणसाला रिकामे राहणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम पत्करतो. पदवीधर मात्र आपल्या शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो आणि कुटुंबाच्या आधारावर त्याला काही काळ तशी वाट पाहता येते. ही प्रतीक्षाच आकडेवारीत बेरोजगारी म्हणून दिसते. तिची किंमत मात्र खरी असते. कमावण्याच्या व शिकण्याच्या वयातील काही वर्षे तीत खर्ची पडतात.

या सभागृहातील अनेकजण स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले, ५,९२,१४१ उमेदवार प्रत्यक्ष परीक्षेला बसले आणि अखेरीस १,०१६ उमेदवारांची शिफारस झाली. या आकड्यांनी कोणी खचून जाण्याचे कारण नाही; पण उरलेल्या लाखोंच्या हाती परीक्षेव्यतिरिक्त काय होते, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारावयास हवा. त्यांच्या हाती पदवी होती. त्या पदवीच्या तीन वर्षांत त्यांना काय करता येऊ लागले, हा रोजगारक्षमतेच्या चर्चेचा गाभा आहे.

रोजगारक्षमता म्हणजे काय?

रोजगार आणि रोजगारक्षमता हे समानार्थी शब्द नाहीत. ब्रिटनमधील शिक्षणतज्ज्ञ मँट्झ यॉर्क आणि पीटर नाइट यांनी या शतकाच्या आरंभी या भेदाची नेमकी मांडणी केली. त्यांच्या मते रोजगारक्षमतेचे चार घटक आहेत: विषयाची समज, कौशल्यपूर्ण कृती, आपण हे करू शकतो हा विश्वास, आणि आपल्या शिकण्याकडे तटस्थपणे पाहण्याची क्षमता. यांतला पहिला घटक, म्हणजे विषयाची समज, वगळून उरलेले तीन स्वतंत्रपणे शिकविता येत नाहीत. म्हणून रोजगारक्षमता ही विषयाच्या अध्यापनाची शत्रू नसून त्याचीच एक कसोटी आहे.

अर्थशास्त्रात या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिले जाते. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मानवी भांडवलाची उपपत्ती मांडताना सर्वसाधारण प्रशिक्षण आणि विशिष्ट प्रशिक्षण असा फरक केला. एखाद्या कारखान्यातील विशिष्ट यंत्र चालविण्याचे प्रशिक्षण मालक स्वखर्चाने देतो, कारण त्याचा लाभ त्यालाच होतो. मात्र नेमकेपणाने लिहिणे, आकडेवारी वाचणे, गटात काम करणे ही कौशल्ये कामगार दुसऱ्या मालकाकडे गेला तरी त्याच्यासोबत जातात. अशा कौशल्यांवर लहान उद्योजक खर्च करीत नाही. त्यांची निर्मिती बाजारावर सोडली तर ती अपुरी राहते. म्हणून ती महाविद्यालयाची, अर्थात सार्वजनिक खर्चाची जबाबदारी ठरते. दुसरी बाजू मायकेल स्पेन्स यांची. १९७३ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, मालकाला उमेदवाराची गुणवत्ता थेट दिसत नसल्याने तो पदवीकडे एक संकेत म्हणून पाहतो. पदवी सर्वांकडे असेल आणि तिच्यामागे कोणती क्षमता आहे हे कळत नसेल, तर हा संकेत क्षीण होतो. मग मालक पदवीऐवजी ओळखीकडे, भाषेकडे किंवा शहरी राहणीमानाकडे पाहू लागतो. याचा फटका ग्रामीण आणि पहिल्या पिढीतील पदवीधरांना सर्वाधिक बसतो. रोजगारक्षमतेचा प्रश्न सामाजिक न्यायाचा प्रश्न बनतो तो येथे.

याबरोबर एक मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. कौशल्ये वाढविल्याने नोकऱ्या आपोआप निर्माण होत नाहीत. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत २०३० पर्यंत दरवर्षी सुमारे ७८.५ लाख बिगरशेती रोजगार निर्माण होण्याची गरज व्यक्त केली होती. ही मागणीची बाजू आहे. ती गुंतवणूक, निर्यात आणि लघुउद्योगांच्या वाढीवर अवलंबून असते. तेव्हा बेरोजगारीचे सर्व खापर अध्यापकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल.

धोरणाची वाटचाल

शिक्षणाची कामाशी सांगड घालण्याचा विचार नवा नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला. महाराष्ट्रात त्याच्याही आधी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतून ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना रुजली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांतून अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली. १९९४-९५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रथम पदवी स्तरावर व्यवसायाभिमुख विषयांची योजना राबविली. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला आणि २०१४ मध्ये बी.व्होक. पदवीची योजना आली. २०१५ च्या सुमारास निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीत कौशल्यवृद्धी अभ्यासक्रमांना स्थान मिळाले. हरियाणाने २०१६ मध्ये कायदा करून कौशल्य विद्यापीठ उभारले. पलवल जिल्ह्यातील दुधोला येथील श्री विश्वकर्मा कौशल्य विद्यापीठ ते हेच. महाराष्ट्रातही राज्य कौशल्य विद्यापीठ स्थापन झाले असून २०२४ मध्ये त्याला रतन टाटा यांचे नाव देण्यात आले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हे या वाटचालीतील महत्त्वाचे वळण होय. व्यावसायिक शिक्षण वेगळ्या संस्थांपुरते न ठेवता सर्वसाधारण पदवीतच मिसळावे, ही या धोरणाची भूमिका आहे. शालेय व उच्च शिक्षणातील किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत व्यावसायिक शिक्षणाचा परिचय व्हावा, असे उद्दिष्ट त्यात होते. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक ठरविले आणि कौशल्यवृद्धी अभ्यासक्रमांबरोबर २ ते ४ श्रेयांकांच्या आंतरवासितेचा समावेश केला. महाराष्ट्रात हा आराखडा २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम, क्षेत्र प्रकल्प, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षण हे शब्द आता प्रत्येक महाविद्यालयाच्या वेळापत्रकात दिसतात. २०२५ मध्ये शिकाऊ उमेदवारीयुक्त पदवीची मार्गदर्शक तत्त्वेही आली. त्यांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे प्रत्यक्ष उद्योगात घालविता येतात.

या सर्व पावलांतून एक गोष्ट स्पष्ट होते. धोरणाची उणीव आज फारशी राहिलेली नाही. प्रश्न आहे तो आराखडा आणि वर्ग यांच्यातील अंतराचा.

पानिपतचे उदाहरण

हे अंतर समजून घेण्यासाठी पानिपतइतके बोलके उदाहरण क्वचित सापडेल. फाळणीनंतर येथील मुस्लिम विणकर पाकिस्तानात गेले आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासित विणकरांनी शहराचा माग पुन्हा चालता केला. ब्लँकेटांपासून सुरुवात झालेला हा उद्योग पुढे पडदे, गालिचे, पायपुसणी आणि गृहसजावटीच्या कापडांच्या निर्यातीपर्यंत पोहोचला. जोडीला जुन्या कपड्यांच्या पुनर्वापराचा मोठा व्यवसाय येथे वाढला. पाश्चात्य देशांत टाकून दिलेले कपडे कांडला बंदरातून पानिपतला येतात. रंगानुसार त्यांची निवड होते, ते फाडून पुन्हा तंतू काढले जातात आणि त्यांपासून सूत व ब्लँकेट तयार होतात. निवड रंगानुसार झालेली असल्याने पुन्हा रंगविण्याचा खर्च मोठ्या प्रमाणात वाचतो, हे या व्यवसायाचे आर्थिक मर्म आहे.

या उद्योगापुढील आजचे प्रश्न पाहावेत. पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी जुन्या लोकरी ब्लँकेटांची बाजारपेठ काबीज केली. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील वायुगुणवत्ता आयोगाच्या निर्देशानुसार १ जानेवारी २०२३ पासून या क्षेत्रातील उद्योगांत कोळशाच्या वापरावर बंदी आली आणि बॉयलरसाठी नैसर्गिक वायू किंवा जैवइंधनाकडे वळावे लागले. १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघातील देशांना वापरलेल्या कापडांचे वेगळे संकलन करणे बंधनकारक झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावले, तेव्हा निर्यातदारांना नव्या बाजारपेठा शोधणे भाग पडले.

यांतील प्रत्येक प्रश्न पदवीच्या कोणत्या ना कोणत्या विषयाचा आहे. इंधनबदलाचा खर्च हा परिव्ययलेखांकनाचा, आयातशुल्काचा भार कोणावर पडतो हा मागणीच्या लवचिकतेचा, सांडपाण्यातील रंगद्रव्यांचे मोजमाप हा रसायनशास्त्राचा, तर परदेशी ग्राहकाशी पत्रव्यवहार हा भाषेचा प्रश्न आहे. पदवी महाविद्यालयाच्या भिंतीपलीकडे हे सर्व घडत असते. भिंतीच्या आत मात्र लवचिकतेची व्याख्या लिहून घेतली जाते आणि परीक्षेत ती जशीच्या तशी उतरविली जाते. अशीच स्थिती सोलापुरात आढळते. तेथील चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. २००४ मध्ये जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठही झाले. बाजारपेठेत पानिपतच्या मालाशी सोलापूरच्या मालाची स्पर्धा असते. तरीही या स्पर्धेचा अभ्यास दोन्ही शहरांतील बी.कॉम.च्या वर्गात किती होतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

कौशल्य विषयाबाहेर नसते

रोजगारक्षमता म्हणजे संगणकाचा एखादा छोटा अभ्यासक्रम आणि मुलाखतीची दोन व्याख्याने, असा समज सर्वत्र दिसतो. वेगळी तासिका, वेगळे प्रमाणपत्र आणि बाहेरून आलेला प्रशिक्षक यांनी कागदावरील पूर्तता होते, परंतु मूळ विषयाचे अध्यापन होते तसेच राहते. याउलट मूळ विषयाच्या प्रश्नपत्रिकेतच कृतीला स्थान दिले, तर वेगळ्या तासिकेची गरज बरीच कमी होते.

इतिहासाचे उदाहरण घ्यावे, कारण ‘या विषयाला नोकरी नाही’ असे त्याच्याबद्दल सर्वाधिक ऐकू येते. ‘पानिपतच्या तिसऱ्या युद्धाची कारणे लिहा’ या प्रश्नाऐवजी विद्यार्थ्यांच्या गटाला असे काम देता येईल: ऑक्टोबर १७६० ते जानेवारी १७६१ या काळातील घटनांची तारीखवार सारणी करावी, नकाशावर रसदीचे मार्ग दाखवावेत, मराठी पत्रे आणि फार्सी वृत्तान्त यांत तफावत असेल तेथे कोणता पुरावा अधिक विश्वसनीय आहे याची कारणे द्यावीत, आणि शेवटी काला अंबला येणाऱ्या प्रवाशासाठी मराठी व हिंदीत दोन पृष्ठांची माहितीपत्रिका तयार करावी. या एका कामात पुराव्याची छाननी, संख्यात्मक विचार, नकाशावाचन, भाषांतर, संक्षिप्त लेखन आणि गटकार्य यांचा समावेश होतो. संग्रहालये, पर्यटन, पुराभिलेख आणि प्रकाशन या क्षेत्रांत हीच कामे करावी लागतात. मोडी लिपी वाचता येणाऱ्या पदवीधराला अभिलेखांच्या कामात मागणी असते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पानिपतात इब्राहिम लोदीची कबर, बाबराच्या काळातील काबुली बाग मशीद आणि बू अली शाह कलंदर यांचा दर्गा आहे. शहराचा इतिहास सांगणारी प्रशिक्षित माणसे तयार होण्यासाठी कच्चा माल येथे भरपूर आहे.

येथे इतिहासाचा आशय कमी झालेला नाही, उलट तो अधिक सखोल झाला आहे. स्पर्धा परीक्षांच्या वर्णनात्मक प्रश्नपत्रिकांतही घोकलेल्या मजकुराऐवजी पुराव्यावर आधारलेले नेमके उत्तर अपेक्षित असते. म्हणजे जे काम रोजगाराची तयारी करून घेते, तेच परीक्षेचीही तयारी करून घेते.

अध्यापकापुढील अडचणी

मग असे अध्यापन सर्वत्र का होत नाही? अध्यापकाची अनास्था हे सोपे उत्तर आहे आणि काही ठिकाणी ते खरेही असेल. परंतु व्यवस्थेने त्याच्यापुढे ठेवलेली प्रलोभने तपासल्याशिवाय हा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

पहिली अडचण वेळेची. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. आता उदाहरणादाखल एक हिशेब करून पाहू. एका अध्यापकाकडे आंतरवासितेसाठी ६० विद्यार्थी सोपविले आणि प्रत्येकासाठी कामाच्या ठिकाणी एक भेट व अहवालाचे वाचन मिळून अवघे दोन तास धरले, तर १२० तास होतात. १५ आठवड्यांच्या सत्रात विभागल्यास आठवड्याला ८ तास, म्हणजे विहित अध्यापनाच्या निम्मा भार पडतो. हा भार कार्यभारात मोजला गेला नाही, तर दोनच गोष्टी घडू शकतात. अध्यापक स्वतःच्या वेळेतून तो उचलतो, किंवा विद्यार्थी ओळखीच्या दुकानदाराचे प्रमाणपत्र आणतो आणि त्यावर सही होते.

दुसरी अडचण नियुक्तीच्या स्वरूपाची आहे. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर आणि हरियाणात एक्स्टेन्शन लेक्चरर या नावाने काम करणाऱ्या अध्यापकांवर अनेक महाविद्यालयांचा डोलारा उभा आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. विद्यार्थ्यांना घेऊन कारखान्यात गेलेला दिवस त्याच्या दृष्टीने उत्पन्न बुडालेला दिवस ठरतो. अशा स्थितीत नवोपक्रमाची अपेक्षा करणे म्हणजे सर्वांत दुर्बळ खांद्यावर सर्वांत जड ओझे ठेवणे होय.

तिसरी अडचण अनुभवाची. पदवी, पदव्युत्तर शिक्षण, पात्रता परीक्षा, संशोधन आणि थेट अध्यापन या मार्गाने आलेल्या अध्यापकाला वर्गाबाहेरील कामाचे जग पाहण्याची संधी मिळालेली नसते. हा त्याचा दोष नाही. भरतीचे निकषच तसे आहेत. चौथी अडचण मूल्यमापनाची आहे. अंतिम प्रश्नपत्रिका पाठांतराला गुण देत असेल, तर कृतीवर वेळ घालविणारा अध्यापक विद्यार्थ्यांनाच नकोसा होतो.

रसदीची पाच अंगे

या अडचणींवरील उपाय खर्चिकच असले पाहिजेत असे नाही. त्यांची मांडणी पाच अंगांनी करता येईल.

पहिले अंग वेळेचे. आंतरवासिता, क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षण यांच्या देखरेखीचे तास कार्यभारात अधिकृतपणे मोजले जावेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांना त्यांचे मानधन मिळावे. आंतरवासितेसाठी विद्यार्थ्याला ६० ते १२० तासांचे श्रेयांक मिळतात. मग देखरेख करणाऱ्याचे तास शून्य धरणे तर्काला सोडून आहे.

दुसरे अंग साहित्याचे. प्रत्येक अध्यापकाने एकट्याने नवे काम रचावे ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. अभ्यास मंडळांनी प्रत्येक विषयपत्रिकेसाठी दहा-बारा तयार कृतींची पेढी मराठीतून वा हिंदीतून उपलब्ध करून द्यावी. प्रत्येक कृतीत उद्दिष्ट, लागणारी आकडेवारी, वेळ आणि गुणदानाचे निकष स्पष्ट असावेत. श्रमबल सर्वेक्षण, जनगणना आणि उद्योगांची वार्षिक पाहणी यांची आकडेवारी सार्वजनिक आहे. ती वर्गात आणण्याला फारसा खर्च नाही.

तिसरे अंग अनुभवाचे. ५ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात आठ विषय निश्चित केले असून कौशल्य विकास हा त्यांपैकी एक आहे. देशभरातील १११ केंद्रांतून हा कार्यक्रम आखण्यात आला. व्याख्याने ऐकण्याबरोबरच दोन आठवडे एखाद्या उद्योगात, बँकेत, ग्रामपंचायतीत किंवा संग्रहालयात राहून आपल्या विषयाच्या तीन कृती तयार करणे, असे स्वरूप त्यातील एका अभ्यासक्रमाला देता येईल. २०२२ मध्ये आलेल्या व्यवसायानुभवी प्राध्यापकांच्या योजनेनुसार मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नियुक्त्या करता येतात. हे तज्ज्ञ नियमित अध्यापकाच्या जोडीने वर्ग घेतील, तर त्यांचे ज्ञान संस्थेत टिकेल. नियमित पदे न भरण्यासाठी पर्याय म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले, तर मात्र मूळ हेतूच पराभूत होईल.

चौथे अंग मध्यस्थीचे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ पासून शिक्षण आणि काम आलटून-पालटून करण्याची पद्धत रुजविली. मालकांशी संपर्क, जागांची नोंद आणि पाठपुरावा ही कामे तेथे स्वतंत्र कार्यालय पाहते. आपल्याकडे एकेका लहान महाविद्यालयाला हे शक्य नाही. परंतु एका शहरातील चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक समन्वय कक्ष चालविणे शक्य आहे. पानिपतमध्ये निर्यातदारांच्या संघटना आहेत, केंद्र सरकारचे विणकर सेवा केंद्र आहे. पन्नास अध्यापकांनी पन्नास कारखान्यांचे दरवाजे ठोठावण्यापेक्षा एका कक्षाने ते काम करणे अधिक कार्यक्षम ठरेल. व्यवहारखर्च कमी करणारी संस्था हीच येथे खरी पायाभूत सुविधा होय.

पाचवे अंग मान्यतेचे. प्रश्नपत्रिकेचा काही भाग कृतीवर आधारित असावा. पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंधाबरोबर उत्तम कृतिपुस्तिका, आंतरवासितेची देखरेख आणि विद्यार्थ्यांच्या पुढील वाटचालीची नोंद यांनाही वजन मिळावे. ब्रिटनने १९८७ मध्ये सुरू केलेल्या ‘एन्टरप्राइझ इन हायर एज्युकेशन’ या योजनेत विद्यापीठांना पाच वर्षांसाठी निधी देण्यात आला आणि त्याचा मोठा भाग अध्यापकांच्या विकासावर खर्च झाला. अभ्यासक्रम कागदावर बदलण्याआधी तो शिकविणाऱ्यावर गुंतवणूक करावी लागते, हे त्यामागील सूत्र आजही उपयुक्त आहे.

काही सावधगिरीचे मुद्दे

या दिशेने जाताना तीन धोके टाळावे लागतील. पहिला धोका आंतरवासितेच्या नावाखाली फुकट मजूर पुरविण्याचा. शिकण्याचे उद्दिष्ट लेखी ठरलेले नसेल, तर रंगानुसार चिंध्या निवडण्याच्या कामाला श्रेयांक मिळतील, पण त्यातून शिक्षण होणार नाही. दुसरा धोका संकुचितपणाचा. आज एका विशिष्ट यंत्रासाठी तयार केलेला पदवीधर दहा वर्षांनी ते यंत्र कालबाह्य झाले की पुन्हा रस्त्यावर येतो. ब्लँकेटांच्या बाजारात पानिपतने हे अनुभवले आहे. म्हणून पदवीतील कौशल्ये एका उद्योगापुरती मर्यादित नसावीत, ती दुसरीकडेही उपयोगी पडणारी असावीत. तिसरा धोका विषमतेचा. उद्योग असलेल्या शहरातील महाविद्यालयांना संधी आणि गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांना केवळ परिपत्रक, असे होऊ नये. तेथे वनोपज, जलसंधारण, आरोग्य केंद्रे, पंचायती आणि सहकारी संस्था हीच कार्यक्षेत्रे मानावी लागतील.

समारोप

विद्यार्थी मित्रांनी या चर्चेतून परीक्षेपुरते मुद्दे जरूर टिपावेत: पुरवठा आणि मागणीची बाजू वेगळी ओळखणे, सर्वसाधारण आणि विशिष्ट कौशल्यांतील भेद, धोरणाचे टप्पे आणि अंमलबजावणीतील प्रलोभनांचा विचार. परंतु त्यापलीकडे, आपल्या पदवीच्या प्रत्येक विषयातून आपल्याला काय करता येऊ लागले, याची एक वही त्यांनी आजपासून ठेवावी. परीक्षेचा निकाल कोणताही लागो, ती वही वाया जाणार नाही.

आणि धोरणकर्त्यांच्या दृष्टीने निष्कर्ष एवढाच की, सुमारे सोळा लाख अध्यापक ही उच्च शिक्षणाची खरी फौज आहे. तिच्याकडून अपेक्षा वाढविताना तिला वेळ, साहित्य, अनुभव, मध्यस्थी आणि मान्यता पुरविणे हे राज्याचे आणि विद्यापीठाचे कर्तव्य ठरते. आदेश निघाल्याच्या दिवशी सुधारणा सुरू होत नाही. ती वर्गापर्यंत रसद पोहोचते त्या दिवशी सुरू होते.